लहानपणीचे फोटो आणि ऑटिझम: तुम्हाला अल्बममध्ये काय सापडलं?

रानजाई (धागाकर्ती) | १६ जानेवारी, रात्री १०:१२

गेल्या महिन्यात सांगलीला आईकडे गेले होते, ते एक काम घेऊनच. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना त्याचं ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान झालं. आता तो सहाचा आहे. त्याचे फॉर्म भरताना मी प्रश्नाप्रश्नाला अडायचे. लिहीत होते त्याच्याबद्दल आणि आठवत होतं माझं स्वतःचं. शेवटी त्रेचाळिसाव्या वर्षी मीही असेसमेंटला गेले. तिथल्या मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, मोठ्या माणसाचं निदान करायचं तर लहानपण समजून घ्यावंच लागतं. आईशी बोलू, आणि प्रगतिपुस्तकं, जुने फोटो असतील तर तेही आणा.

माळ्यावरची ट्रंक काढली. तीन गोष्टी सापडल्या, त्या इथे लिहिते.

पहिला फोटो बोरन्हाणाचा, १९८४ ची संक्रांत, कृष्णधवल. मी दोन वर्षांची, काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने. भोवतीची पोरं चुरमुरे, बोरं, हरभरे वेचायला जमिनीवर लोळतायत. मी पाटावर बसून पाटाच्या कडेला बोरं एका रांगेत लावलीयेत. आठ बोरं, मोजली मी. हा फोटो दाखवताना आई नेहमी म्हणायची, "किती शहाणं बाळ होतं, सांडलवंड म्हणून नाही." पुढच्याच फोटोत मुकुट आणि हार गायब आहेत, गळ्याशी ओरखडा दिसतो. हलवा टोचतो म्हणून मी ओरबाडून काढला होता, हे आईला विचारल्यावर कळलं.

दुसरी गोष्ट म्हणजे एक निळं झाकण. खोबरेल तेलाच्या बाटलीचं. चार ते सहा वर्षांच्या वयातल्या नऊ फोटोंमध्ये ते माझ्या डाव्या मुठीत आहे. नरसोबाच्या वाडीला घाटावर, मावशीच्या लग्नात, गणपतीपुळ्याच्या वाळूत. वाळूतल्या त्या फोटोत मी चवड्यांवर उभी आहे, टाचा वर. अख्खा अल्बम मी आयुष्यात पन्नासदा तरी पाहिला असेल, पण झाकण कधी दिसलंच नव्हतं.

तिसरी गोष्ट जरा जड गेली. दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंतच्या प्रत्येक वर्गफोटोत माझी नजर कॅमेऱ्याकडे नाही. कधी शेजारणीच्या बटणाकडे, कधी खाली. मग एकदम हसू येतं, आणि तिथून पुढे कॉलेज संपेपर्यंत प्रत्येक फोटोत तेच हसू. मान तेवढीच डावीकडे, ओठ तेवढेच उघडे. सातवीतलं हसू कापून पदवीदानाच्या फोटोवर चिकटवलं तरी फरक कळणार नाही. मला आठवतंय मी ते कुठे शिकले. मामाच्या घरी, न्हाणीच्या आरशासमोर, मामेबहिणीचं बघून.

आता प्रश्न. हे सगळं खरंच तिथे होतं, की निदान डोक्यात घेऊन बघतेय म्हणून दिसतंय? तुमच्यापैकी कुणी स्वतःचे किंवा मुलांचे फोटो असे पुन्हा काढून पाहिलेत का? काय दिसलं? फोटो इथे टाकणार नाहीये, कुणीही टाकू नका, वर्णन पुरे.

सह्यकडा | १६ जानेवारी, रात्री १०:५८

मुलगा नऊ वर्षांचा, आम्ही साताऱ्याजवळ राहतो. फोटोंचं सांगू शकत नाही, पण पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे, चार मिनिटांचा. मी शूट करतोय, त्यामुळे आवाज माझाच आहे. मी त्याच्या नावाने अकरा वेळा हाक मारली आहे. तो एकदाही वळत नाही. वर पंखा फिरतोय, त्याकडे बघतोय. मागून माझी आत्या म्हणते, "पंख्याचं वेड आहे आमच्या सोन्याला," आणि सगळे हसतात. मीही हसतोय.

त्यानंतर निदान व्हायला अडीच वर्षं गेली. मध्ये एका डॉक्टरांनी सांगितलं की मुलगे उशिरा बोलतात, थांबा. आम्ही थांबलो. तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला असेल याचा हिशोब नाही. बायकोने आता फोनमधून काढून टाकलाय, माझ्याचसाठी.

जलतरंग | १६ जानेवारी, रात्री ११:४०

सह्यकडा, तुमचा प्रतिसाद वाचून आधी तेच लिहावंसं वाटलं. मी स्पीच थेरपिस्ट आहे, सोळा वर्षं लहान मुलांबरोबर काम करते. तुम्ही जो व्हिडिओ पाहताय, तसल्याच व्हिडिओंवर या विषयातलं एक महत्त्वाचं संशोधन उभं आहे.

१९९४ मध्ये ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन या अमेरिकन संशोधकांनी पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती व्हिडिओ टेप गोळा केल्या. ११ मुलं पुढे ऑटिझमचं निदान झालेली, ११ तसं काही नसलेली. बघणाऱ्यांना कोण कोणत्या गटातलं ते माहीत नव्हतं. चार गोष्टींनी फरक कळला: मूल लोकांच्या चेहऱ्याकडे बघतं का, बोटाने दाखवतं का, हातातली वस्तू दुसऱ्याला दाखवायला पुढे करतं का, आणि नावाने हाक मारल्यावर वळतं का. एवढ्यावर २२ पैकी २० मुलं बरोबर ओळखता आली. केकवर मेणबत्ती एकच, म्हणजे वय अगदी पक्कं, म्हणून त्यांनी वाढदिवस निवडला.

पण यात फोटोंसाठी एक मोठी अडचण आहे. या चारही गोष्टी मूल "करतं" किंवा "करत नाही" अशा आहेत. न केलेली गोष्ट फोटोत येत नाही. बोट न दाखवणाऱ्या मुलाचा फोटो म्हणजे फक्त हात खाली असलेल्या मुलाचा फोटो. म्हणून मी पालकांना नेहमी म्हणते, फोटो आणू नका, व्हिडिओ आणा. दोन मिनिटांचा, जेवतानाचा, खेळतानाचा, साधा.

रानजाई, तुमच्या तीन गोष्टींपैकी बोरांची रांग एकटी असती तर मी तिला फार वजन दिलं नसतं. दोन वर्षांची कितीतरी मुलं वस्तू रांगेत लावतात. दोन वर्षं हातातून न सुटलेलं झाकण वेगळं आहे, कारण तिथे एक फोटो नाही, नऊ आहेत.

दगडफूल | १७ जानेवारी, सकाळी ७:२५

धागा आवडला, पण मनापासून एक शंका मांडतो, राग मानू नये.

बोरन्हाणात निम्मी मुलं रडतात. काळे कपडे, टोचणारे दागिने, डोक्यावर धो धो चुरमुरे, समोर वीस बायका. न रडणारं मूलच आश्चर्याचं. वर्गफोटोत माझीही नजर कॅमेऱ्याकडे नाही, कारण समोर ऊन होतं. माझ्या धाकट्या भावाच्या हातात तीन वर्षं एक लाकडी बैल होता, तो आज गावात सगळ्यांत माणूसवेडा माणूस आहे. एकदा शब्द मिळाला की माणूस मागे जाऊन सगळ्याला तो शब्द लावतो. ज्योतिषी जुन्या घटना पत्रिकेत बसवून दाखवतो, तसंच काहीसं.

खरी परीक्षा करायची असेल तर ज्याला काही माहीत नाही अशा माणसाला तुमचे आणि दुसऱ्या कुणाचे फोटो मिसळून द्या आणि वेगळं कोण वाटतं ते विचारा.

पारवा | १७ जानेवारी, सकाळी ९:०३

दगडफूल यांच्याशी बराचसा सहमत, आणि त्यात माझ्या धंद्यातली भर घालतो. आमचा फोटो स्टुडिओ होता, वडिलांनी चाळीस वर्षं चालवला, मी वीस.

स्टुडिओतल्या बाळाच्या फोटोत नजर बघून काहीही ठरवू नका. बाळ कॅमेऱ्याकडे बघतंय असं तुम्हाला वाटतं, ते खुळखुळ्याकडे बघत असतं. वडील कॅमेऱ्याच्या बरोबर वर खुळखुळा धरायचे, मी लहान असताना ते काम माझं होतं. काही बाळं खुळखुळ्याने नाही बघायची, मग चुटकी, मग शिट्टी, मग फ्लॅशचा लखलखाट. कशाला ना कशाला नजर वर येतेच आणि तेवढ्या क्षणात आम्ही बटण दाबायचो. माणसाकडे बघणं आणि आवाजाकडे बघणं यातला फरक कागदावर उमटत नाही.

दुसरं, अल्बम म्हणजे निवडलेले फोटो. एका रोलमध्ये ३६. त्यातले बारा-पंधरा अल्बमात जायचे, बाकीचे आम्ही दिलेल्या कागदी पाकिटातच राहायचे: हललेले, पाठमोरे, रडणारे, कानावर हात ठेवलेले. शोधायचंच असेल तर ते पाकीट शोधा, नसेल तर निगेटिव्ह. निगेटिव्हच्या पट्टीवर फ्रेमचे नंबर असतात, म्हणजे आधी काय झालं, नंतर काय झालं याचा क्रम मिळतो. कुणी जपून ठेवले असतील तर ते अल्बमपेक्षा खरं बोलतात. फोनवाल्यांनी आपल्या फोनमधले "चांगले न आलेले" फोटो घाईने पुसू नयेत, एवढंच.

ओवी | १७ जानेवारी, दुपारी १:३०

मी निवृत्त शिक्षिका आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं शिकवलं. असे धागे सहसा फक्त वाचते, आज लिहिते आहे.

रानजाई, तुमचा धागा वाचून मी माझे वर्गफोटो काढले. १९९१ च्या फोटोत तिसरीचा वर्ग आहे. एका टोकाला मी उभी आहे आणि माझ्या शेजारी एक मुलगा. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्याचा हात प्रेमाने हातात घेतला आहे. आज चष्मा लावून पाहिलं. मी त्याचं मनगट धरलं आहे. घट्ट.

तो फोटोला उभा राहत नसे, रांगेत खेटून उभं राहिलं की ओरडायचा. फोटोग्राफर म्हणाला, "बाई, त्याला धरा." त्याला आमच्या डेपोच्या सगळ्या एसटीच्या वेळा पाठ होत्या, मुक्कामाच्या गाड्यांसकट. कुणी विचारो न विचारो, तो सांगत बसायचा. आम्ही त्याला एककल्ली म्हणायचो. दुसरे एक गुरुजी "घुमा" म्हणायचे, आणि मुलं त्याहून वाईट बोलायची. ऑटिझम हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो सेवेच्या शेवटच्या काही वर्षांत, एका प्रशिक्षणात. पाचवीनंतर त्याने शाळा सोडली. पुढचं मला माहीत नाही.

दगडफूल यांचं म्हणणं बरोबर आहे, फोटोतल्या मुलाकडे बघून काही सिद्ध होत नाही. पण त्या फोटोत मी काय करत होते ते मात्र सिद्ध होतं.

रानजाई | १७ जानेवारी, रात्री ९:१५

ओवीताई, काय लिहू. तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे. आपण आज त्याच्यासाठी एवढा विचार करताय, तेव्हा "त्याला धरा" याखेरीज दुसरं काही सांगणारं तुमच्या आसपास कुणीच नव्हतं.

दगडफूल, तुमची परीक्षा आज केली. मामेबहिणीला (आरशातल्या हसूवाली ही नव्हे, तिची धाकटी) वीस फोटो पाठवले, दहा माझे, दहा आमच्या एका मावसभावाचे, सगळे सहा वर्षांखालचे. तिला निदानाचं काही माहीत नाही. विचारलं, यातलं कुठलं मूल तुला आपल्यातच हरवलेलं वाटतं? तिने माझे चार निवडले आणि त्याचे पाच. म्हणजे तुम्ही जिंकलात, आणि मला हे कळून बरंही वाटलं. नंतर मोठेपणीचे पाच फोटो पाठवले, तेव्हा तिने आपणहून विचारलं, "अगं, या सगळ्यांत एकच चेहरा कसा?"

समईची_वात | १७ जानेवारी, रात्री ९:४८

माझा अनुभव उलटा आहे. माझ्या मुलाचा चौदा महिन्यांचा फोटो आहे, गच्चीवरचा. तो आजोबांच्या कडेवर बसून चांदोबाकडे बोट दाखवतोय आणि तोंड आजोबांकडे वळलेलं आहे. जलतरंग यांनी सांगितलेल्या गोष्टी त्या एका फोटोत आहेत: बोट आहे, दुसऱ्याला दाखवणं आहे, चेहऱ्याकडे बघणं आहे. "मामा", "काऊ", "दे" असे सात-आठ शब्द होते. वीस महिन्यांपर्यंत सगळं गेलं. शब्द गेले, बोट गेलं.

या फोटोने आम्हाला फार त्रास दिला. नातेवाईक तो दाखवून म्हणायचे, हा तर चांगला होता, तुम्ही काय केलंत? मग कुणीतरी फोटोमागची तारीख आणि लसीकरणाच्या कार्डावरची तारीख शेजारी शेजारी ठेवली, आणि घरात वर्षभर तेच चाललं. मला तेव्हा कुणी सांगायला हवं होतं की एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा तो १९९८ चा शोधनिबंध फक्त १२ मुलांवरचा होता, तो "लॅन्सेट"ने २०१० मध्ये मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरची ब्रिटनमधली नोंदणीही त्याच वर्षी रद्द झाली. त्यानंतर लाखो मुलांच्या नोंदी तपासून झाल्या आहेत, संबंध सापडलेला नाही. ज्या वयात ही लस देतात त्याच वयात या खुणा दिसायला लागतात, एवढंच. माझ्या धाकटीच्या लसी मी या भीतीने आठ महिने लांबवल्या, त्याचा मला आजही पश्चात्ताप आहे.

जलतरंग | १७ जानेवारी, रात्री १०:३०

समईची_वात, याला आम्ही रिग्रेशन म्हणतो, आलेली कौशल्यं मागे जाणं. बऱ्याच मुलांमध्ये असं होतं. असलेले शब्द किंवा हावभाव गेले, तर कुठल्याही वयात, एक दिवसही न थांबता दाखवायला हवं.

अगदी लहान बाळांच्या नजरेबद्दल एक सांगते. २०१३ मध्ये "नेचर"मध्ये वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांचा अभ्यास आला. त्यांनी बाळांची नजर नेमकी कुठे जाते ते यंत्राने महिन्यामहिन्याला मोजलं. पुढे ऑटिझमचं निदान झालेली बाळं सुरुवातीला समोरच्याच्या डोळ्यांकडे इतरांसारखीच बघत होती. दोन ते सहा महिन्यांच्या काळात ते बघणं हळूहळू कमी होत गेलं. म्हणजे तिसऱ्या महिन्यातल्या फोटोत बाळ आईच्या डोळ्यांत बघतंय, हे दिसलं तरी त्यावरून "तेव्हा काही नव्हतं" असंही म्हणता येत नाही. यंत्राला महिनोन्महिने मोजून जे सापडलं ते आईला पाळण्यापाशी दिसलं नाही, यात आईची चूक काय?

मोरपंखी | १८ जानेवारी, पहाटे ४:५० (ब्रिटनहून)

माझं निदान सदतिसाव्या वर्षी, इथे ब्रिटनमध्ये झालं. इथेही लहानपणापासून ओळखणारं कुणी असेल तर त्यांच्याशी बोलायला मागतात. माझे आईवडील दोघेही नाहीत. म्हणून अल्बम आणि प्रगतिपुस्तकं स्कॅन करून नेली. कारण सोपं आहे. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे निदानाच्या निकषांच्या अमेरिकन पुस्तकात, लक्षणं लहान वयापासून असली पाहिजेत ही अट आहे. पण तिथेच पुढे म्हटलंय की आजूबाजूच्या अपेक्षा वाढेपर्यंत ती पूर्ण दिसणार नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातील. रानजाई, तुझं आरशातलं हसू म्हणजे हेच. त्याला मास्किंग म्हणतात, आणि मुलींना ते फार लवकर शिकवलं जातं. "हस की जरा, पाहुणे आलेत." मुलाला कुणी एवढ्यांदा सांगत नाही.

मला फोटोंपेक्षा प्रगतिपुस्तकातले शेरे जास्त कामाला आले. "अभ्यासात उत्तम, मैत्रिणींत मिसळत नाही" हे पहिलीपासून सातवीपर्यंत पाच वेगवेगळ्या बाईंनी लिहिलंय. एकमेकींचं न बघता. फोटो माझ्या डोळ्यांनी वाचावा लागतो, शेरा तेव्हाच्या डोळ्यांनी लिहिलेला असतो.

कवडसा | १८ जानेवारी, दुपारी १२:१०

मी फक्त वाचक. मुलगी पावणेदोन वर्षांची, नावाने हाक मारली की कधी वळते, कधी नाही. शब्द चार-पाच आहेत. काल रात्री एक ॲप सापडलं, चेहऱ्याचा फोटो टाकला की ऑटिझमची शक्यता टक्क्यांत सांगतं. वापरावं का? इथले प्रतिसाद वाचून भीतीच वाटायला लागलीये.

जलतरंग | १८ जानेवारी, दुपारी १२:४२

कवडसा, नको. कृपया मुलीचा फोटो कुठेही चढवू नका.

डाउन सिंड्रोमसारख्या काही जनुकीय अवस्थांमध्ये चेहऱ्याची ठेवण डॉक्टरांना दिशा दाखवते. ऑटिझमला असा चेहरा नाही. ऑटिझम ओळखतात तो वागण्या-बोलण्यातून, वाढीच्या इतिहासातून. चेहऱ्याच्या फोटोंवर संगणकाला शिकवण्याचे जे प्रयोग झाले, त्यांतल्या अनेकांत वापरलेले फोटो इंटरनेटवरून गोळा केलेले होते, त्या मुलांचं निदान कुणी केलं होतं की नाही याचीही खात्री नव्हती. त्यातून आलेल्या टक्केवारीला काही अर्थ नाही. कमी आकडा आला तर तुम्ही थांबाल, जास्त आला तर झोप उडेल.

त्याऐवजी हे करा. पावणेदोन वर्षं म्हणजे एकवीस महिने. १६ ते ३० महिन्यांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची चाचणी आहे, हो-नाही उत्तरांची, बालरोगतज्ज्ञांकडे भरून घेता येते. तीही निदान करत नाही, पुढे तपासायला हवं का एवढंच सांगते. आणि आधी कान तपासून घ्या. नावाला न वळण्यामागे कानात साठलेलं पाणीही असू शकतं.

सह्यकडा | १८ जानेवारी, दुपारी २:०५

कवडसा, तुम्ही कुठल्या जिल्ह्यात आहात माहीत नाही, म्हणून सरकारी वाट सांगून ठेवतो. आम्हाला ती उशिरा कळली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून आहे, २०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झाला. अंगणवाडीत, शाळेत तपासणीला येणारी पथकं त्याचीच. त्याच कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या लवकर उपचारांचं केंद्र असतं. पैसे पडत नाहीत. मुंबईत "उम्मीद" आहे, २००१ पासूनची संस्था, पुण्यात "प्रसन्न ऑटिझम सेंटर". आमच्यासारख्या लांबच्यांना रोज जाणं होत नाही, पण पालकांनी घरी काय करायचं ते शिकून घेता येतं.

प्रमाणपत्राचं काम पुढचं आहे, पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. त्यासाठी आयसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात, चाळीस मुद्द्यांची, ७० किंवा त्याहून जास्त गुण आले तर ऑटिझम धरतात. चाळीस मुद्दे विचारून, मुलाला बघून भरतात. एका फोटोवर काम भागत असतं तर एवढे मुद्दे कशाला लागले असते?

आणि एक. थेरपी सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही. बोलत नाही ना, मग बोलण्यावर काम आजपासून. आम्ही हे अडीच वर्षं उशिरा शिकलो.

दगडफूल | १८ जानेवारी, रात्री ८:३३

जलतरंग, सह्यकडा, ही माहिती फार मोलाची आहे. माझ्या शंकेतला एक भाग मी मागे घेतो. मोठ्या माणसाला स्वतःचं आयुष्य समजून घेण्यासाठी जुने फोटो बघावेसे वाटणं आणि फोटो बघून दुसऱ्याच्या मुलाला शिक्का मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्या एकत्र केल्या होत्या. दुसऱ्या गोष्टीला मात्र माझा विरोध कायम. व्हॉट्सॲपवर भाचीच्या मुलाचा फोटो बघून "याचं काहीतरी वेगळं वाटतंय" लिहिणाऱ्या आत्या-काका मंडळींनी आधी त्या आईला फोन करावा.

मोडी | १८ जानेवारी, रात्री ११:२०

इतिहासाची आवड असल्याने एक गोष्ट मांडतो, कारण ती या धाग्याशी थेट जोडलेली आहे.

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरहून ११ मुलांबद्दलचा जो लेख लिहिला, त्यावरून ऑटिझमची वैद्यकीय ओळख सुरू झाली असं मानतात. त्यातला पहिला मुलगा मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड ट्रिपलेट. कॅनरना त्याची ओळख झाली ती त्याच्या वडिलांच्या ३३ पानी पत्रातून. मूल गोल वस्तू फिरवत बसतं, एकटं असताना सगळ्यांत आनंदी असतं, असं सगळं वडिलांनी टिपलं होतं. म्हणजे या विषयाची सुरुवातच आईवडिलांच्या बघण्यातून झाली. डोनाल्ड पुढे गावच्या बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळला, जगभर फिरला आणि २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी गेला.

त्याच लेखात कॅनर यांचं एक निरीक्षण आहे: उचलून घ्यायला कुणी वाकलं की बाळं अंग सावरून तयार होतात, ही मुलं तसं करत नव्हती. ते वाचल्यापासून कडेवरच्या बाळांच्या जुन्या फोटोंत मी हात कुठे आहेत ते बघतो. काही बाळं पदर धरून असतात, काहींचे हात नुसते लोंबत असतात. पण यावरूनही काही ठरवता येत नाही, स्नायू सैल असण्याची कारणं अनेक.

खरी वाईट गोष्ट पुढची आहे. त्याच मुलांचे आईवडील थंड, कोरडे असतात असंही कॅनर लिहून गेले. मग ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात दोष सरळ आयांच्या माथी मारला. त्याआधीच, १९६४ मध्ये, स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी हे खोडून काढत कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे असं मांडलं होतं, पण आयांवरचा आरोप जायला आणखी बरीच वर्षं लागली. आता विचार करा, आई आणि बाळ शेजारी बसलेत, एकमेकांकडे बघत नाहीयेत, असा एक फोटो आहे. १९६७ मध्ये तो आईविरुद्धचा पुरावा झाला असता. आज आपण तोच मुलाविषयीचा म्हणून वाचतोय. फोटो तोच आहे.

समईची_वात | १८ जानेवारी, रात्री ११:४४

मोडी, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. माझ्या सासूबाईंना उद्या वाचून दाखवणार आहे.

कवडसा | २१ जानेवारी, सायंकाळी ६:१५

कान तपासले, ठीक आहेत. चाचणी भरली, पुढच्या तपासणीला पाठवलंय. दहा दिवसांनी वेळ मिळाली आहे. ॲप काढून टाकलं. दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ घेतलेत, एकात ती फक्त पाठमोरी आहे, तरी ठेवलाय. सगळ्यांचे आभार.

रानजाई | २४ जानेवारी, रात्री १०:०२

काल माझी दुसरी बैठक झाली, आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर होती. फोटोंवर बाई फार रेंगाळल्या नाहीत. प्रत्येक फोटोला आईला एकच विचारायच्या: याच्या आधी काय चाललं होतं, आणि नंतर काय झालं? पारवा, तुमच्या निगेटिव्हच्या पट्टीसारखंच. पाकीट मात्र सापडलं नाही, पुरात गेलं.

झाकणाचा विषय निघाला तेव्हा आई जराशी थांबली. मग म्हणाली, ते कोल्हापूरला स्टँडवर हरवलं होतं. गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मी हातकणंगल्यापर्यंत ओरडत होते. बाबा तिथे उतरले, उलट गाडीने परत गेले, अख्खा स्टँड शोधला. झाकण मिळालं नाही. मग त्यांनी दुकानातून तशाच तेलाच्या तीन बाटल्या घेतल्या आणि रात्री उशिरा घरी आले. दोन झाकणं मी फेकून दिली. तिसरं घेतलं. बाबा जाऊन आता अकरा वर्षं झाली, ही गोष्ट मला त्यांनी कधीच सांगितली नाही.

मी म्हटलं, पण नऊही फोटोंत तर एकच झाकण आहे. आई म्हणाली, नाही, वाडीच्या घाटापर्यंतच्या चार फोटोंत जुनं, लग्नापासून पुढे नवं. जुन्याला कडेला चीर होती.

आज भिंग घेऊन बसले. घाटावरच्या फोटोत चीर दिसते.